मामा, हे तुझं

शिकागोची गारफिल्ड पार्क कन्झर्व्हेटरी म्हणजे १९०८ सालचं काचेचं एक प्रचंड घर. बाहेर बर्फ असला तरी आत कोकणातल्या जुलैसारखी दमट हवा. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी पाच वर्षांच्या भाचीला तिथे घेऊन गेलो. मुलं आणि मोठ्यांनी मिळून हस्तकला करायची होती, विषय होता नेचे. आधी फर्न रूममध्ये खरे बघायचे, मग कागदाचे करायचे.

भाचीचा नेचा वाकडा झाला होता. डावीकडे लांब पानं, उजवीकडे जवळपास नाहीतच. मागच्या बाजूला तपकिरी स्केचपेनचे डाग. मी म्हटलं, "आण, नीट करून देतो." नवा कागद घेतला, दोन्ही बाजू सारख्या कापल्या, तिचा कागद डब्यात टाकला.

तिने माझा नेचा बघितला आणि माझ्याकडे सरकवला. "मामा, हे तुझं. माझं कुठंय?"

ते डाग नव्हते. नेच्याला फुलं येत नाहीत, बी धरत नाही. त्याचे बीजाणू पानाच्या मागे तपकिरी ठिपक्यांत असतात. तिच्या उंचीवरून तिला ते दिसले होते. मला नाही.

पण समजा, ते खरंच डाग असते, तर माझं बरोबर ठरलं असतं? मला नाही वाटत. मी मदत नेच्याला केली, तिला नाही. लहानपणी दिवाळीत बाबांनी माझा किल्ला रात्रीतून पुन्हा बांधला होता. बक्षीस मिळालं. तो मी केला असं मात्र मला कधी म्हणवलं नाही. ऑफिसात ज्युनियरचा कोड मीही असाच रात्री बसून पुन्हा लिहितो.

मग नुसतं "छान, छान" म्हणायचं? तेही न बघणंच झालं. फर्न रूममधल्या धबधब्याची एक गोष्ट सांगतात. कन्झर्व्हेटरीचा रचनाकार येन्स येन्सन याला गवंड्याचं काम पसंत पडेना. त्याला डोंगरातला कोसळता प्रपात नको होता, माळावरचं हळू झुळझुळणारं पाणी हवं होतं. त्याने गवंड्याला मेंडेलसोनचं 'स्प्रिंग साँग' ऐकून यायला सांगितलं. चूक दाखवली, पण दगड गवंड्यालाच रचू दिले.

सोमवारी ज्युनियरच्या कोडवर मी फक्त तीन प्रश्न लिहिले. काम दोन दिवस लांबलं. उशीर का झाला, हे मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.