तत्त्वज्ञान घेतलेल्या दोस्तांना

दोस्तांनो,

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं असं तुम्ही सांगता तेव्हा दोन माणसं हसतात. एक घरातलं. ते विचारतं, ‘त्येनं प्वाट भरतंय व्हय?’ दुसरं कॉलेजातलं. ते तोंडानं बोलत नाही, पण त्याच्या नजरेत असतं, ब्रह्म-आत्मा-मोक्ष ही आमची इस्टेट, तुम्ही इकडं कुठं? घरातल्याचा राग धरू नका. ज्यांनी उपास काढलेत त्यांना भाकरीचा प्रश्न विचारायचा हक्क आहे. त्यांना खरं तेच सांगा. या विषयानं सरळ नोकरी हातात पडत नाही. पण मास्तरकीत, वकिलीत, पेपरात, युनियनमध्ये, जिथं जिथं मुद्दा धरून उभं राहावं लागतं तिथं तो कामाला येतो. आणि त्या दुसऱ्या हसणाऱ्याला उत्तर अभ्यासानं द्या.

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. गिरणीत मागावर उभा असतो, सुट्टीला वाचतो, जमेल तशी कविता लिहितो. तरी चार शब्द सांगायला बसलोय, कारण आपल्या बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आणि आरडाओरडीत विरून जातो. ज्यांनी आपल्याला माणूस मानलं नाही, त्यांची पुस्तकं आपण का वाचायची?

प्रश्न खोटा नाही. शंकराचार्य सगळीकडं एकच ब्रह्म आहे म्हणतात. तेच ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शूद्राला वेदाचा अधिकार नाकारतात, आणि वेद ऐकणाऱ्याच्या कानात शिसं-लाख ओतायला सांगणारं स्मृतिवचन आधाराला घेतात. जर्मनीचा कांट १७८५ साली लिहितो की कुठल्याही माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. त्याच कांटनं १७६४ च्या पुस्तकात एका काळ्या सुताराचं बोलणं मूर्खपणाचं ठरवताना पुरावा म्हणून त्याची कातडी दाखवली. ग्रीकांचा ॲरिस्टॉटल तर सरळ म्हणतो, काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात.

यावर दोन सोपी उत्तरं आहेत. एक, पुस्तक फेकून द्या. दोन, ‘त्या काळी तसंच होतं’ म्हणून हात जोडा. दोन्हींत कष्ट वाचतात. पहिल्यात राग भागतो, दुसऱ्यात मार्क मिळतात. हिशेब मात्र तसाच राहतो.

हिशेब कसा मागायचा, ते माझ्या धंद्यातलंच उदाहरण घेऊन सांगतो. ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात म्हणतो की धोटा आपला आपण विणू लागला तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. म्हणजे गुलाम का आहे, तर हत्यार आपोआप चालत नाही म्हणून. आज एअरजेट मागाला धोटाच नाही. हवेच्या झोतानं आडवा धागा पलीकडं जातो. आणि माणूस? तो आहेच उभा, तार तुटली की जोडायला. पण थांबा. इथंच टाळ्या घेऊ नका. ॲरिस्टॉटलच्या बाजूचा माणूस म्हणेल, मजूर म्हणजे गुलाम नव्हे, मजुराला पगार आहे, तो काम सोडून जाऊ शकतो. आक्षेप बरोबर आहे. तो मान्य करा आणि जास्त पक्कं उदाहरण शोधा.

ते आपल्याच वस्तीत सापडतं. गटार साफ करायची यंत्रं आहेत. १९९३ साली हातानं मैला काढायला बंदी करणारा कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, त्यात गटार-टाकीच्या धोकादायक सफाईलाही बंदी आली. तरी माणूस आत उतरवला जातो, गुदमरून मरतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा कुठल्या जातीचा असतो हे विचारावं लागत नाही. आता जुळवून बघा. ‘हत्यार आलं तर माणसाची सक्ती जाईल.’ हत्यार आलं. सक्ती गेली नाही. म्हणजे ते ‘जर-तर’च कच्चं. अडचण हत्याराची नव्हती. या कामाला हाच माणूस, हे आधीच ठरलेलं होतं. बघा, ॲरिस्टॉटलला शिवी दिली असती तर एवढं हाती लागलं नसतं. त्याचं म्हणणं पुरं मांडलं म्हणून तार कुठं तुटते ते दिसलं.

जुन्या शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. विरोधकाचं म्हणणं असं मांडायचं की तो स्वतः मान हलवील, ‘होय, मी हेच म्हणतो.’ मग उत्तर. ही पद्धत कुणाच्या मालकीची नाही. बाबासाहेबांनी ती कशी वापरली ते बघा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं त्यांना भाषणाला बोलावलं आणि मजकूर पाहून परिषदच रद्द केली. ते भाषण त्यांनी स्वतः छापलं. त्यात जातीच्या बाजूचा सगळ्यांत भारदस्त मुद्दा ते आधी घेतात, की जात म्हणजे कामाची वाटणी, आणि ती तर प्रत्येक समाजाला लागते. मग दाखवतात की इथं काम करणारी माणसंच खालीवर रचून एकमेकांपासून तोडलीत, आणि तीही जन्मावरून. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढं आपलं उत्तर ठेवलं. ज्याला आपल्या मुद्द्याचा भरवसा आहे तोच विरोधकाला आपल्या घरात खुर्ची देतो.

आणि हीच कसोटी आपल्या माणसांनाही लावायची. हे बोललं की बैठकीत भुवया वर जातात. पण बुद्धानं कालामांना काय सांगितलं? ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर मानू नका. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला, आणि त्यासाठी मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा आधार घेतला. फोटोला हार घालून पुस्तक बंद ठेवणारा त्यांचा अनुयायी कसा?

आता कामाच्या गोष्टी. परीक्षेपुरतं गाईड वाचा, पण मूळ ग्रंथाची दहा पानं तरी स्वतः वाचा. मग एक पान मराठीत लिहा. हा काय म्हणतो, कशावरून म्हणतो, कुठं अडकतो. इंग्रजीला भिऊ नका. वाडेकरांनी संपादन केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली तीन खंडांत निघाला, ग्रंथालयात मागा. दिङ्नाग, धर्मकीर्ती हे बौद्ध तर्कपंडित एका तासात गुंडाळले गेले तर उभं राहून विचारा, पुढं काय? चार्वाकाचं म्हणणं आज आपल्याला बहुतेक त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळतं, हेही ध्यानात ठेवा. जो आपलं आपण लिहून ठेवत नाही, तो दुसऱ्याच्या पूर्वपक्षात, दुसऱ्याला सोयीचा होऊन उरतो.

आणि शिकलेलं रविवारी विहारात येऊन सांगा. झाडूकाम करून आलेली एखादी मावशी ‘म्हंजे काय रं?’ म्हणाली आणि तुम्हाला सांगता आलं नाही, तर तिला अडाणी समजू नका. पान पुन्हा उघडा. तिला पटलं तर पुढं जा. तिनं उलटा प्रश्न टाकला, तर तो लिहून घ्या आणि सोमवारी वर्गात विचारा. त्या वर्गात तो प्रश्न अजून कुणी विचारलेला नसेल.

जयभीम.