तांब्यातला युरिया

१९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागलं आणि तेलाबरोबर वायूही आला. तो वायू नुसता जाळून टाकायचा की त्यातून काही करायचं, याचा खल दिल्लीत झाला आणि त्याचं एक उत्तर अलिबागच्या उत्तरेला थळ-वायशेतच्या शिवारात उतरलं. तिथे खताचा कारखाना येणार होता. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी, किनाऱ्याला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मागे भाताची खाचरं. कारखाना खरा आहे, तो आजही तिथे उभा आहे. ज्या दोन भावांची ही हकिगत आहे ते मात्र गोष्टीतले आहेत. एकाला सगळे दादा म्हणत, दुसरा धाकटा.

त्यांचे आजोबा चरीच्या संपात होते. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांची जमीन कसायला नकार दिला. तो संप सहा वर्षं चालला. माणसांनी रानातून मोळ्या आणून विकल्या, अर्धपोटी राहिली, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. पुढे कूळकायदा आला, सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव चढलं. त्या नावाखाली या घराला साडेतीन एकर भातजमीन मिळाली होती. त्यातली अडीच एकर आता कारखान्यात जात होती.

मोजणीदार साखळी घेऊन आले तेव्हा आईने त्यांना पाणी आणून दिलं. मग मधल्या बांधाकडे बोट दाखवून विचारलं, "हा बांध कुठे जाईल हो?" मोजणीदार म्हणाला, "बांध कुठे जात नाही मावशी, भरावाखाली जाईल." त्या बांधावर दरवर्षी तूर लागायची. आई काही बोलली नाही. संध्याकाळी जाऊन तिने बांधावरची उरलीसुरली तूर कापून आणली.

मोबदल्याची रक्कम एकदम आली. भात वर्षाला एकदा यायचं, त्यातलं थोडं विकायचं, बाकीचं कणगीत भरायचं, अशा घरात नोटांची पुडकी आली. दादाने काय केलं ते सांगताना लोक त्याला उधळ्या म्हणतात. मला ते पटत नाही. त्याने आधी बहिणीचं लग्न चांगलं करून दिलं, घरावर स्लॅब टाकला आणि उरलेल्या पैशांत एक जुना ट्रक घेतला. कारखान्याचा भराव चालू होता, दगड-मुरुमाच्या खेपा रात्रंदिवस होत होत्या, ट्रकवाल्याला मागणी होती. हिशेब चुकीचा नव्हता, फक्त तो काम संपेपर्यंतचाच होता. कारखाना बांधून झाला तसे भरावाचे ट्रक एकेक करून निघून गेले. दादाच्या ट्रकचं इंजिन बसलं, दुरुस्तीला कर्ज काढलं, आणि शेवटी जो भाव आला त्याला ट्रक विकून कर्ज फेडलं. चार वर्षांत दादाच्या वाट्याचे पैसे संपले. जमीन गेलेल्या माणसाच्या हातात सरकार पैसे ठेवतं, पण जमिनीने दरवर्षी जे दिलं असतं ते या एका रकमेतून कसं काढायचं, हे त्याच्याजवळ बसून कुणी सांगत नाही. त्या काळात तर कुणीच सांगितलं नाही.

धाकट्याने आपला वाटा पोस्टात टाकला. व्याज काढायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. त्याच व्याजातून विहिरीच्या कठड्याचं काम केलं, दुसऱ्या वर्षी एक म्हैस घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी पांढऱ्या कांद्यासाठी खंडाने थोडी जमीन घेतली. तो दादाला समजवायला जायचा. "दादा, सगळं एकदम नको काढू. थोडं ठेव." दादा ऐकून घ्यायचा आणि ट्रकखाली शिरायचा. पुढे पुढे धाकट्याच्या बोलण्याला धार यायला लागली. चारचौघांत, पारावर, त्याने दादाला एकदा सुनावलं, "आजोबांनी उपाशी राहून मिळवलं ते तू डिझेलात घातलंस." तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं.

कारखान्याचा एक तरुण इंजिनिअर त्या दिवसांत धाकट्याच्या ओटीवरच्या खोलीत भाड्याने राहत होता, नागपूरकडचा. एकदा आईने त्याला विचारलं, "तिथे तुम्ही करता तरी काय?" त्याने साध्या शब्दांत सांगितलं. हवेत बहुतेक सगळा नत्रवायूच असतो, शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की पिकाला ते सोडवता येत नाहीत. कारखान्यात समुद्रातल्या वायूपासून हायड्रोजन काढायचा, तो हवेतल्या नत्राबरोबर दोनशेच्या आसपास वातावरणांच्या दाबाखाली आणि चारशे-पाचशे अंश उष्णतेत लोखंडाच्या चुऱ्यावरून न्यायचा. मग अमोनिया होतो. ही युक्ती फ्रिट्झ हाबर नावाच्या जर्मन माणसाने १९०९ मध्ये करून दाखवली आणि कार्ल बॉशने तिचा कारखाना केला. अमोनियात कर्बवायू मिसळला की युरिया. तो वितळलेला युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून फवारायचा, खालून वाऱ्याचा झोत, आणि तळाशी येईपर्यंत त्याचे पांढरे दाणे.

"अमोनियाला वास असतो?" आईने विचारलं.

"डोळ्यांत पाणी येतं."

"मग तो पहाटे गोठ्यात येतो तोच," आई म्हणाली. इंजिनिअर हसला आणि हो म्हणाला. अगदी तोच.

थंडीचे दिवस होते. भात निघालेल्या खाचरात, जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल उभा होता. अलिबागकडे भातामागून वाल घेतात. इंजिनिअरने वालाचं एक रोप हलक्या हाताने उपटलं आणि मुळांवरची माती झटकली. मुळांना बारीक गाठी लगडल्या होत्या. त्याने नखाने एक गाठ फोडली, आतून ती गुलाबी निघाली. "मावशी, आमचा सगळा कारखाना जे करतो ते ही गाठ करते. आम्हाला भट्टी पेटवावी लागते, हिला भट्टी लागत नाही. पण ही आपल्यापुरतं करते, फार तर पुढच्या पिकापुरतं थोडं. देशाला पुरेल इतकं करायचं तर भट्टी पेटवावीच लागते." मला त्याचं हे सांगणं फार महत्त्वाचं वाटतं. त्याने वालाला मोठं करून कारखान्याला छोटं केलं नाही, की कारखान्याचा मोठेपणा सांगून वालाला हिणवलं नाही. खताशिवाय आपल्या लोकसंख्येला भात पुरला नसता, हे खरंच आहे.

१९८५ च्या सुमाराला युरियाच्या गोण्या बाहेर पडायला लागल्या. पेणपासून थळपर्यंत खास मालगाडीचा रूळ आला. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर दादाला गोण्या भरायच्या ठिकाणी काम मिळालं. दिवसभर डोळ्यांसमोर पांढऱ्या दाण्यांची धार. महिन्याभरात दादाला युरियाचा स्वभाव कळला. पावसाळ्यात एखादी गोणी फाटून जमिनीवर सांडली तर दुपारपर्यंत तिची चिकट ढेप व्हायची, आणि सर आली की नुसता ओला डाग राहायचा. मुकादम ओरडायचा, "दगड सांडला तर उचलता येतो, हे सांडलं की गेलं!"

युरिया सरकारने स्वस्त ठेवला होता. धाकटा त्यावर खूश होता. पोस्टात व्याज साठवणारा तो जपून वागणारा माणूस सोसायटीतून युरियाच्या तीन गोण्या घेऊन आला आणि लावणी झाल्यावर आठवड्याच्या आत अर्ध्या एकराच्या खाचरात फेकून मोकळा झाला. त्याचा विचार असा, की खत स्वस्त आहे, कमी कशाला घालायचं, आणि तीनतीनदा चिखलात कोण उतरणार? शेजारच्या अर्ध्या एकरात दादाने एकाच गोणीतला युरिया घेतला, तोही तीन वाटे करून. लावणीच्या वेळी, मग फुटवे येताना, आणि शेवटचा लहान वाटा पोटरीच्या आधी. ग्रामसेवकाने त्याला आकडा सांगितला होता. हेक्टरी शंभर किलो नत्र. युरियात शंभरात सेहेचाळीस किलो नत्र असतं, म्हणजे अर्ध्या एकराला चव्वेचाळीस किलो युरिया बस्स. पन्नास किलोच्या गोणीतलेही सहा किलो उरायचे. प्रत्येक वेळी दादा आधी खाचरातलं पाणी काढायचा, खत टाकून पायाने चिखलात मिसळायचा आणि दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा घ्यायचा.

श्रावणात धाकट्याचं भात पाहायला लोक थांबत. काळंशार हिरवं, रुंद पात, कमरेला लागलेलं. दादाचं भात त्याच्या शेजारी फिकं दिसे. "दादा इथेही मागेच पडला," असं कुणीतरी म्हणालंच. भाद्रपदात धाकट्याच्या पातीवर करपा दिसला, बुंध्याशी तुडतुडे जमले. पात मऊ होती, किडीला तेच हवं असतं. आणि हस्ताच्या पावसात एका रात्री वारा सुटला, तेव्हा ते उंच वाढलेलं भात सगळं एका अंगाला लोळलं. लोंब्या पाण्यात पडल्या. चार दिवसांनी उचलून पाहिलं तर दाण्यांना मोड आले होते. दादाचं भात वाकलं, पण उभं राहिलं.

धाकटा बांधावर बसून होता. गावात आता कोण काय बोलेल ते त्याला माहीत होतं, आणि दादा काय बोलेल याची त्याला जास्त भीती होती. पारावर सुनावलेलं वाक्य त्याला आठवत असणारच.

दादा आला तो पाण्याचा तांब्या घेऊन. त्याच्या दुसऱ्या मुठीत उरलेल्या गोणीतला युरिया होता. त्याने मूठ तांब्यात सोडली, बोटाने ढवळलं आणि तांब्या भावाच्या हातात दिला.

"गार लागतोय," धाकटा म्हणाला.

"विरघळताना तो पाण्यातली ऊब ओढून घेतो. आत बघ, दाणे दिसतात?"

"नाही."

दादाने तांब्या घेतला आणि बांधापलीकडे ओहोळात ओतला. "आता गोळा करून आण."

धाकटा ओहोळाकडे बघत राहिला.

"तीन गोण्यांतली किती तुझ्या भाताने खाल्ली असेल?" दादा म्हणाला. "काही पहिल्या पावसात अशी गेली, काही वास होऊन उडाली. जी राहिली ती भाताला एकदम मिळाली, म्हणून ते वाढतच सुटलं आणि अंग धरलंच नाही. रोपाला लागेल तेवढंच ते घेतं रे. बाकीचं थांबत नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटा हळूच म्हणाला, "दादा, ट्रकच्या वेळी मी तुला पारावर बोललो."

"खरं तेच बोललास. फक्त पारावर बोलायला नको होतं. इथे बोलला असतास तर कदाचित ऐकलं असतं मी."

दिवाळीआधी कारखान्यात बोनस झाला. पगारावरचा तो मोठा आकडा पाहून दादाच्या मनात काय काय आलं असेल ते त्याने सांगितलं नाही. तो पाकीट घेऊन थेट धाकट्याकडे गेला. "पोस्टात टाक. पासबुक तुझ्याकडेच ठेव. मी मागितलं तरी कशाला ते विचारल्याशिवाय देऊ नको."

धाकट्याने पाकीट घेतलं आणि आत जाऊन आईला सांगून आला, की पुढच्या वर्षी खताची गोणी दादाच्या पडवीत उतरेल. आई म्हणाली, "आणि वालाला?" वालाला काहीच घालायचं नाही, असं दोघेही एकदम म्हणाले.

पुढच्या आषाढात पात जरा पिवळी पडली तसा धाकटा धावत दादाच्या पडवीत आला. "अजून दहा किलो दे. भात उपाशी दिसतंय."

"बारा दिवसांनी ये," दादा म्हणाला.

"सात तरी दे!"

"बारा दिवसांनी." आणि गोणीचं तोंड त्याने सुतळीने पुन्हा आवळलं. त्याच संध्याकाळी दादा जुन्या ट्रकची एक जाहिरात घेऊन भावाच्या ओटीवर गेला, आणि धाकट्याने ती दोनदा वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारलं, "कशाला हवाय?"