स्फूर्ति कीं सायास?

ज्या चित्रांत ना माणूस, ना झाड, ना डोंगर, अशा अमूर्त चित्रापुढें उभें राहिलें म्हणजे सुशिक्षित मनुष्याच्या मुखांतूनहि एक उद्गार सहज निघतो: ‘असें तर आमचें पोरहि काढील!’ आम्हींहि एकदां एका प्रदर्शनांत हा उद्गार मोठ्या ऐटीनें काढला होता, आणि सोबतचे विद्यार्थी हंसले होते. त्या हंशाची आज आम्हांस लाज वाटते.

या उद्गारामागें एक समजूत आहे: जें उत्स्फूर्त तें अनायास, आणि जें अनायास तें फुकटचें. गंमत अशी कीं, अशा चित्रांचे भक्तहि तीच समजूत बाळगतात. एक पक्ष म्हणतो, सायास नाहींत म्हणून ही कला नव्हे; दुसरा म्हणतो, सायास नाहींत म्हणूनच ही खरी कला. चित्रकाराच्या खोलींत दोघांनींहि डोकावून पाहिलेलें नसतें.

रशियन चित्रकार कांडिन्स्की हा अंतःप्रेरणेचा मोठा कैवारी. त्याचें ‘कॉम्पोझिशन ७’ हें दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद चित्र १९१३ च्या नोव्हेंबरांत अवघ्या चार दिवसांत रंगविलें गेलें. तो रंगांचा झंझावात पाहून सारें क्षणांत सुचलें असावें असेंच वाटतें. परंतु त्यापूर्वीं त्यानें त्या एका चित्रासाठीं तीसांहून अधिक पूर्वरेखाटनें केलीं होतीं!

आपल्याकडील वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचें उदाहरण याहून बोलकें आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून १९४८ सालीं पदविका घेतलेले हे चित्रकार पुढें वर्षाकाठीं जेमतेम पांच-सहा चित्रें पुरीं करीत. रुळानें व सुरीनें रंग चढवावा, खरवडावा, पुन्हां चढवावा. बाकीचा काळ चिंतनांत आणि वाट पाहण्यांत जाई.

आमच्या साहित्यशास्त्रांत याचा उलगडा पूर्वींच झालेला आहे. काव्यनिर्मितीस शक्ति, निपुणता व अभ्यास हीं लागतात, एवढें सांगून मम्मट थांबत नाहीं. हीं तीन निराळीं कारणें नसून तिहींचें मिळून एकच कारण होय, असें तो बजावतो. चित्रासहि हाच न्याय लावावा. गवयाला तान मैफलींत आयत्या वेळीं सुचते. परंतु रियाजावांचून ती कोणाला सुचली आहे?

मग खरी स्फूर्ति व नुसती लहर यांतील भेद ओळखावा कसा? प्रेक्षकाला तो एका दृष्टिक्षेपांत कळत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. चित्रकाराला मात्र तो ठाऊक असतो. लहरीला आपला प्रत्येक फटकारा प्रिय वाटतो. अंतःप्रेरणा बहुधा नकाराच्या रूपानें प्रकट होते. ‘हें नव्हे, अजून नव्हे’ असें ती सांगते, आणि तें ऐकून जो दिवसाचें काम खरवडून टाकतो, तोच तिचा खरा सेवक. अमूर्त चित्रांत ही परीक्षा अधिक कठोर; कारण ताडून पाहण्यास तेथें समोर ना चेहरा ना झाड. स्वतःच्या विवेकाखेरीज दुसरा साक्षी नाहीं.

त्या दिवशीं आमच्या उद्गारावर एक विद्यार्थी हंसला नव्हता. तो स्वतः तशीं चित्रें काढीत असे, हें आम्हांस पुढें कळलें. तीं पाहण्याची इच्छा आम्हीं दर्शविली, तेव्हां तो नम्रपणें हंसला. परंतु चित्रें त्यानें कधींच आणलीं नाहींत.