गुण कोणामुळे येतो?

चेहऱ्यावर आम्लाचा पील केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंटचा फोन येतो. "मॅडम, तोंडाची सालं निघायला लागलीत. ओढून काढू का?" नको म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग दुसरा पील याच आठवड्यात घेऊ का? गुण लवकर येईल." सांगलीत त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना हे दोन प्रश्न मी सतत ऐकते. त्यांचं वैद्यकीय उत्तर सोपं आहे. पण त्यांच्या मुळाशी जी समजूत आहे, ती मला फार जुनी आणि फार खोल वाटते. गुण मी आणते किंवा आम्ल आणतं, आणि चेहरा नुसता पडून तो घेतो, अशी ती समजूत. एकदा ती धरली की जितकं जास्त कराल तितका जास्त गुण, हे ओघानेच आलं.

प्रत्यक्षात आम्ल काय करतं? ग्लायकॉलिकचा वरवरचा पील घ्या. मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध ते सैल करतं, काही मिनिटांत. मग सोडा बायकार्बोनेटच्या पाण्याने ते शमवायचं की माझं काम संपलं. खालच्या थरात नव्या पेशी तयार होणं, त्या एकेक पायरी वर येणं, वरचा थर पुन्हा बांधला जाणं, हे सगळं त्यानंतरचं. तरुण त्वचेला या फेऱ्याला सुमारे चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्त. म्हणून अशा दोन पीलमध्ये आम्ही दोन ते चार आठवडे सोडतो. ३५ टक्के टीसीएसारखा मध्यम खोलीचा पील असेल तर काही महिने.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, आणि ते कर्त्याच्याही आधी मोजलेलं आहे. पाच कारणं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला खरं दिसत नाही, असंही तिथे लगेच म्हटलं आहे. भाष्यकार इथून आत्म्याच्या अकर्तेपणाकडे जातात. तो अधिकार माझा नाही. मला या पाचांत माझा दवाखाना दिसतो. बाटलीतलं आम्ल हे करण. रोज न चुकता सनस्क्रीन लावणं ही पेशंटची चेष्टा. वांग ज्यामुळे परत परत उमटतो, ते अनुवंश आणि हार्मोन यांना मी दैवात धरते. मी पाचांतली एक आहे. आणि ज्या चेहऱ्यावर हे सगळं चाललं आहे, तोही यात काम करणारा आहे. त्याचं काम चालू असताना मध्ये हात घालणं हा मला अन्यायच वाटतो.

औषध कुठे थांबवायचं, हे आपल्याकडच्या शस्त्रवैद्यांना पक्कं ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षारांचा आहे. क्षार लावून बरे करायच्या रोगांच्या यादीत तिथे वांगही येतो. लावण्याचे क्षार तीन: मृदू, मध्य, तीक्ष्ण. ते किती वेळ ठेवायचे, तर शंभर मात्रा उच्चारायला लागतील एवढा. मग आंबट द्रव्यांनी शमवायचे. आम्ही आम्ल लावून क्षाराने शमवतो, त्यांनी क्षार लावून आम्लाने शमवला. ठीक दग्ध, कमी दग्ध आणि अतिदग्ध यांची लक्षणं तिथे वेगवेगळी दिली आहेत, आणि अतिदग्धाची यादी मृत्यूपर्यंत जाते. दुर्बल, भित्रा, गर्भिणी अशा कोणाकोणाला क्षार लावू नये, हेही सांगितलं आहे. औषधाचा इतका मोठा भरवसा असलेला ग्रंथ त्याच्या मर्यादेबद्दल इतका दक्ष आहे, याचं मला प्रत्येक वाचनात नवल वाटतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत ही दक्षता दुप्पट हवी. तिला दाह झाला की ती काळवंडते. लग्न तोंडावर आलेली एक मुलगी माझ्याकडे आली, तेव्हा एका पार्लरमध्ये तिचे लागोपाठ पील झाले होते. जबड्याच्या कडेने काळपट पट्टे उठले होते. सौम्य क्लीन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच आम्ही बराच काळ चालवलं. तिची आई कळवळून म्हणायची, "डॉक्टर, काहीतरी करा ना." मी म्हणायचे, "करायचं ते केलंय काकू. आता तिच्या त्वचेला करू द्या." डाग फिके व्हायला कित्येक महिने गेले.

जळजळ सोसली की फळ जास्त, हा आणखी एक समज. गीतेचा सतरावा अध्याय अशा तपाला, मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला, तामस म्हणतो. आरशासमोर बसून खपल्या ओढणाऱ्या मुलीला मी तामस म्हणणार नाही. तिला हा हट्ट कोणी शिकवला, ते मला माहीत आहे. मुलगी बघायला येणाऱ्यांनी शिकवला, जाहिरातींनी शिकवला. वांग, मुरुमांचे डाग यांवर उपचार मागणं मला मुळीच गैर वाटत नाही. पण जन्मजात रंग कोणताही पील बदलत नाही, आणि गोरं करून द्या म्हणणाऱ्याला मी पील करत नाही.

ज्यांचा पील नुकताच झाला आहे त्यांना माझी विनंती आहे. सालं आपोआप गळू द्या. त्वचा पूर्ववत होईपर्यंत थ्रेडिंग, ब्लीच, स्क्रब काही नको. उन्हात असाल तर सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा. आणि पुढचा पील लग्नाच्या मुहूर्तावरून ठरवू नका, डॉक्टरांना चेहरा दाखवून ठरवा.