‘दुखतंच की’ म्हणण्याआधी

आमच्या कोल्हापूरकडे सांधेदुखीवर एक ठरलेलं उत्तर आहे. “वय झालं की दुखतंच की!” दिवसभर उकिडवं बसून भांगलण केलेली बाई असो, ऊसतोडीचा गडी असो, नाहीतर तालमीत उमेदीची वर्षं घालवलेला पैलवान असो, सगळ्यांना हेच ऐकवलं जातं. वर गरम तेल चोळायचा सल्ला. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या वाक्यात एक निवाडा असतो: तुझं दुखणं खरं आहे, पण दखल घेण्याइतकं नाही.

सांधेदुखीने माणूस सहसा मरत नाही. ही तिची सगळ्यात मोठी अडचण. मरण मोजता येतं, त्याची नोंद होते, बातमी होते. जिना चढणं बंद झालं, भाकरी थापताना मनगट साथ देईना, याची नोंद कुठे होते? मग एखादा डॉक्टर हृदय किंवा कॅन्सर सोडून सगळी कारकीर्द सांध्यांच्या संशोधनाला देतो, तेव्हा प्रश्न पडतो की यातून जीव कुणाचा वाचणार?

पुण्याचे सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांचं काम मला या प्रश्नाचं उत्तर वाटतं. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. कल्पना साधी होती. पेशंट दवाखान्यात यायची वाट बघायची नाही. घरोघर जाऊन विचारायचं, “काय दुखतंय का?” १९९६मध्ये चोप्रांनी हे काम भिगवणला सुरू केलं. हेच ते पुणे जिल्ह्यातलं, उजनीच्या पाण्यावरचं गाव, जिथले फ्लेमिंगो तुमच्या फोनवर कधीतरी आलेच असतील. तिथे ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी हाडा-सांध्यांच्या तक्रारी सांगितल्या. म्हणजे शंभरातल्या अठरांनी.

इथे एक रास्त आक्षेप आहे. सगळ्यांना बरं करता येणार नसेल, तर विचारायचं कशाला? झिजलेला गुडघा गोळीने पूर्ववत होत नाही. ज्या दुखण्यावर उपाय नाही ते उकरून काढणं म्हणजे जखमेवरची खपली काढण्यासारखं नाही का?

हा आक्षेप मला पटत नाही. त्याचं कारण त्या आकड्याच्या पोटात आहे. त्या दुखणाऱ्या लोकांत बहुतेकांना झीज, स्नायूंचं दुखणं, कष्टाचा शीण असलं काही होतं. पण दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता. आपण ज्याला आमवात म्हणतो, तो बहुधा हाच. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तो म्हातारपणाचा आजार नाही. तिशी-चाळिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. सुरुवातीच्या काळात औषध मिळालं तर सांधे वाचवता येतात. मेथोट्रेक्सेट नावाची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी फार महागही नाही. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्ताच्या तपासण्या करत घ्यावी लागते, एवढंच. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात आणि मग ती सरळ होत नाहीत.

आता “दुखतंच की” पुन्हा ऐकून बघा. शंभरातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ते जवळपास बरोबर आहे, म्हणून तर ते टिकलं. पण त्या दोनशेतल्या एकीचे हात त्याच वाक्याने जातात. बहुतेकांना लागू पडणारं शहाणपण एखाद्या माणसावर अन्याय करू शकतं, आणि ती एक कोण हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून घरोघर जाऊन मोजणं हे मला निव्वळ आकडेमोडीचं काम वाटत नाही. प्रत्येक दुखण्याला आधी समान मानायचं आणि मगच त्यात फरक करायचा, असा न्याय त्यात आहे.

अर्थात विचारणाऱ्यावरही ऋण चढतं. लोकांनी दार उघडलं, दुखणं सांगितलं. तुम्ही पेपर छापून निघून गेलात, तर ती एक प्रकारची उचलेगिरीच. कॉपकॉर्डच्या आराखड्यात मोजणीपुढे लोकांना आजाराची माहिती देणं आणि कारणं शोधून प्रतिबंध करणं हेही टप्पे आहेत, ते मला यासाठी महत्त्वाचे वाटतात. आणि उरलेल्या सतरांचं काय? त्यांना गोळी नसेल, पण नाव मिळतं, व्यायाम मिळतो, ओट्याची उंची बदलायचं कारण मिळतं. “तू नाटक करत नाहीस” हे कुणीतरी लिहून दिलेलं असतं.

जीव वाचवणं म्हणजे फक्त मरण टाळणं, असं मानलं तर हे सगळं किरकोळ ठरेल. पण वेणी स्वतःची स्वतः घालता येणं, मांडी घालून पंगतीत बसता येणं, हेही जगण्यातच मोडतं ना?

संशोधक होणं सगळ्यांना जमणार नाही. दोन प्रश्न मात्र कुणालाही विचारता येतील. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? आणि सूज आहे का? उत्तर “तासभर” आणि “हो” असं आलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्यांना सांधेविकाराच्या डॉक्टरकडे घेऊन जा.