तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या?

आजचं वाचन: यहोशवा ५:१३-१५ आणि अध्याय ७



यरीहोची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. कर्णे, फेऱ्या, कोसळलेला तट. पण त्याच्या आधीची तीन वचनं आपण सहसा ओलांडून जातो. यहोशवासमोर तलवार उपसलेला एक पुरुष उभा आहे. यहोशवा विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? म्हणजे फॉर्मवर दोनच पर्याय, एकावर टिक करा. उत्तर येतं, नाही! तो परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलाय. आणि यहोशवा पालथा पडतो.

हे ‘नाही’ लक्षात ठेवून पुढचं वाचा. यरीहोतली वेश्या राहाब तिच्या घरच्यांसह वाचते. यहूदा वंशातला आखान मात्र शिनारी झगा, चांदी आणि सोनं तंबूत पुरतो, आय नगरापुढे इस्राएलाचे छत्तीस जण पडतात, आणि आखानाचा नाश होतो. न्यायाची रेघ जातीवरून ओढलेली नाही. लेवीय १८:२८ तर इस्राएलालाच बजावतं की तुम्ही तसेच वागलात तर हीच भूमी तुम्हालाही ओकून टाकील. पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलं, नंतर यरुशलेमही.

घाईही नव्हती. उत्पत्ती १५:१६ मध्ये देव अब्राहामाला सांगतो की अमोऱ्यांच्या पापाचं माप अजून भरलेलं नाही. तोवर त्याच्याच संततीने परदेशात चारशे वर्षं हाल सोसायचे!

पण यहोशवा ६:२१ मध्ये लहानमोठे सगळे मारले गेल्याचं लिहिलंय. इथून मला पटकन पुढे जाता येत नाही. त्या काळचे युद्धवृत्तांत सरसकट बोलायचे, हे खरं. मवाबाचा राजा मेशा याच्या शिलालेखात इस्राएल कायमचा नष्ट झाल्याचं कोरलंय, आणि तसं झालं नव्हतं. तरी त्या शहरात एकच बाळ होतं असं धरलं, तरी प्रश्न उरतोच. ‘देवाचे मार्ग गूढ आहेत’ एवढं म्हणून तो मिटवावा, असं मला वाटत नाही.

सदोमासाठी अब्राहामाने देवाला तोंडावर विचारलं, नीतिमानालाही दुष्टासोबत मारणार का? पन्नासांवरून तो दहांपर्यंत आला. त्याचं बोलणं संपेपर्यंत देव तिथून गेला नाही.

उद्या उत्पत्ती १८ वाचू या. यहोशवाचा सहावा अध्याय शेजारी उघडा ठेवा.