मोल मोजताना

दिवेलागणीची वेळ निवडा. घरातली कामं उरकलेली नसली तरी चालेल, ती तशी कधीच पुरती उरकत नाहीत. पाठीला आधार मिळेल असे बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे लिखाण एका दमात वाचून संपवायचं नाही. जिथे थांबायला सांगितलंय तिथे खरोखर थांबा, डोळे मिटा, आणि मनात काहीतरी हललं की मगच पुढची ओळ वाचा. एका संध्याकाळी अर्धंच झालं तर उरलेलं उद्या.

श्रवण, मनन, निदिध्यासन अशा तीन पायऱ्या आपल्या परंपरेत सांगितल्या आहेत. आयुष्यात काय महत्त्वाचं याचं श्रवण आपलं भरपूर झालंय. शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यापासून ते सुरू झालं, अजून चालूच आहे. आज फक्त दुसऱ्या पायरीवर बसायचं. दहा श्वास मोजा. घाई नको.

आता एक शब्द मनात घ्या: मूल्य. तो सावकाश उच्चारा. त्याच्यात ‘मूळ’ दडलेलं आहे. हाच शब्द पिढ्यान् पिढ्या जिभेवर झिजून ‘मोल’ झाला. मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल, मोलाचा सल्ला. आपल्या भाषेनं मूळ आणि किंमत या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधून ठेवल्या आहेत. मला ही गाठ फार महत्त्वाची वाटते. ‘माझी मूल्यं कोणती?’ असं स्वतःला विचारलं की मन लगेच चांगली चांगली नावं पुढे करतं: प्रामाणिकपणा, कुटुंब, समाधान, माणुसकी. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारा. मी कशाचं मोल दिलं आहे? कशासाठी पैसा, झोप, बढती, एखादं नातं, लोकांची मर्जी, यांतलं काही सोडलं आहे?

इथे थांबा. एक तरी प्रसंग आठवेपर्यंत पुढे जाऊ नका.

आठवत नसेल तर एक साधन सांगतो. बऱ्याच मराठी घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं, आणि वर्ष संपलं तरी जुनं कॅलेंडर कुठल्या तरी कपाटामागे असतंच. ते काढा. चौकोनांत काय काय लिहिलंय ते महिन्यामहिन्यानं पाहा. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, विम्याचा हप्ता, कुणाचं लग्न, कुणाची तपासणी. त्याच्या शेजारी बँकेचं पासबुक ठेवा. या दोन कागदांवर तुमचा वेळ आणि तुमचा पैसा कुठे गेला ते नोंदलेलं आहे.

मी हे पहिल्यांदा केलं ते वडील गेल्यानंतरच्या डिसेंबरात. कुणी विचारलं असतं तर ‘घर आधी’ असंच मी म्हटलं असतं, आणि ते मनापासून म्हटलं असतं. कॅलेंडरात वडिलांचं नाव वर्षभरात चार चौकोनांत होतं, चारही दवाखान्याचे. माझ्या कामाच्या तारखा जवळजवळ प्रत्येक पानावर होत्या. मी त्या संध्याकाळी बराच वेळ ते कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलो. काम मला प्रिय आहे, याची लाज वाटण्याचं कारण नव्हतं. पण ते मी कधी स्वतःशी कबूल केलं नव्हतं, आणि म्हणून घराला किती द्यायचं हे कधी ठरवलंच नव्हतं. उरेल ते घराला, असं आपोआप ठरून गेलं होतं.

तुमच्या कॅलेंडरात जे दिसेल त्यानं दुखलं तर दुखू द्या. लगेच निश्चय करू नका. नुसतं पाहा.

आता मनात आलेल्या नावांतली उसनी कोणती ते चाचपा. यासाठी फार वेळ लागत नाही. प्रत्येक नावापुढे एवढंच विचारा: हे मी केलं असं कुणालाही कधीच कळणार नसेल, तरी करीन का? आणि उलटंही विचारा: हे केल्यानं माझ्या ओळखीतली सगळी माणसं नाराज होणार असतील, तरी करीन का? दोन्हीला ‘हो’ आलं तर ते तुमचं. बाकीची टाकून द्यायला नकोत, बाजूला ठेवा.

हातात चार-पाच उरतील. खरी अवघड जागा इथून पुढे आहे, कारण उरलेली सगळी चांगलीच आहेत. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी दारात उभ्या राहतात आणि एकीलाच आत घेता येतं, तेव्हा काय होतं? हे समजायला मी नेहमी टिळक आणि आगरकर या दोन मित्रांकडे जातो.

1882 साल. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत छापलेल्या मजकुरावरून दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला होता. शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले. दोघेही 1856 साली जन्मलेले, डेक्कन कॉलेजातले सोबती, ऐन पंचविशीत. सरकारी नोकरी नाकारून शाळा आणि वृत्तपत्र चालवायचं हे दोघांचं एकत्र ठरलेलं. आगरकरांनी पुढे त्या 101 दिवसांवर पुस्तकच लिहिलं. त्या वेळी दोघांना वेगवेगळं बसवून मूल्यांची यादी करायला सांगितली असती, तर देश, शिक्षण, समाजाचं भलं, निःस्पृहता अशा याद्या शब्दशः जुळल्या असत्या असं मला वाटतं.

पाच वर्षांनी, 1887 मध्ये, आगरकरांनी ‘केसरी’चं संपादकपद सोडलं. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू झालं. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, हा दोघांमधला मुख्य वाद. दोघांनाही दोन्ही हवं होतं. आधी कुठलं, यावर वाटा फुटल्या. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हे अगदी लख्ख दिसलं. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं होतं. मुलीचे हाल थांबत असतील तर कायदा परक्या सरकारनं केला तरी चालेल, ही आगरकरांची बाजू. परक्या सरकारला आपल्या समाजात कायद्यानं हात घालू द्यायचा नाही, सुधारणा आपली आपण करू, ही टिळकांची. त्या दहा वर्षांच्या मुलीकडे पाहिलं की मी आगरकरांच्या बाजूला जातो, आणि याबाबतीत माझ्या मनात कधी दुमत झालेलं नाही. पण टिळकांना मुलीची पर्वा नव्हती, असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांच्या मनात पहिल्या जागेवर दुसरं काही होतं, एवढंच.

या क्रमाचं मोल आगरकरांनी जिवंतपणी मोजलं. पुण्यात त्यांची जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली. दम्यानं झिजलेलं शरीर, बेताची मिळकत. 1895 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्यावरचा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

इथे पुन्हा थांबा. तुमच्या आयुष्यातला असा एक प्रसंग शोधा जिथे दोन्ही बाजू चांगल्या होत्या. परगावची बढती आणि म्हातारी आई. मित्राची गुपचूप केलेली चूक आणि तुमचं खरं बोलणं. मुलाची हौस आणि घराचं कर्ज. त्या दिवशी तुम्ही काय निवडलं? ते बरोबर होतं का, हे आज विचारू नका. काय निवडलं, एवढंच पाहा. तुमचा क्रम तिथे लिहिलेला आहे.

मग उरलेल्या चार-पाच नावांतली दोनच उचला. सगळ्यांना एकदम ओळीत उभं करायला गेलात तर मन गोंधळतं आणि शोभेचा क्रम लावून मोकळं होतं. दोन घ्या, आणि तो खरा प्रसंग त्यांच्यामध्ये ठेवा. एक राहील, एक मागे सरेल. मागे सरलेलं खोटं ठरत नाही. ते दुसऱ्या जागेवर जातं. मग राहिलेल्याच्या शेजारी तिसरं आणा. कुठे अडलात तर अडून राहा. काही जोड्या वर्षानुवर्षं सुटत नाहीत.

महाभारताच्या शांतिपर्वात असाच एक प्रसंग आहे. युद्ध संपलं आहे, भीष्मांचं बोलणं ऐकून युधिष्ठिर घरी येतो आणि विदुराला व भावांना विचारतो: धर्म, अर्थ आणि काम यांत पहिलं कोण? विदुर धर्म म्हणतो. अर्जुन अर्थ म्हणतो. नकुल-सहदेव धर्माला अर्थाची जोड देतात. भीम न अडखळता काम म्हणतो, कारण इच्छाच नसेल तर माणूस हलणारच नाही. आणि युधिष्ठिर या तिन्हींच्या पलीकडे, मोक्षाकडे बोट दाखवतो. एकाच घरातली ही माणसं, आणि विदुर सोडला तर एकच वनवास आणि एकच युद्ध सोसलेली. माझा जीव नेहमी भीमाच्या उत्तरावर अडकतो. सगळी मोठी माणसं बसलेली असताना आपल्या मनात जे खरोखर पहिलं आहे ते तो सांगतो. आपल्या यादीतही असं एखादं नाव असेल, सांगायला संकोच वाटणारं: आराम, पैसा, मान, एकांत. ते लपवू नका. लपवलेलं पहिल्या जागेवरून हलत नाही, फक्त दिसत नाही.

शेवटचं एक. डोळे पुन्हा मिटा आणि घरातली माणसं एकेक करून समोर आणा.

इथेही मला आगरकर आठवतात. त्यांचं आईला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा एम. ए. होतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, अशी आशा त्या माउलीला असणार. टेंभूसारख्या गावातलं गरीब घर. मुलगा माधुकरी मागून, वार लावून शिकलेला. त्याने आधीच कळवलं की पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामात घालवणार आहे, मोठ्या संपत्तीची आशा धरू नकोस. पत्राची आठवण काढताना आपण त्याग मुलाचा मोजतो. पण त्याच्या मूल्याचं मोल आईलाही द्यायचं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं तिला सांगितलं. मला त्या पत्रातलं सर्वांत मोठं हेच वाटतं, की ज्याच्या वाट्याला खर्च येणार त्याला त्यानं अंधारात ठेवलं नाही.

तुमच्या पहिल्या जागेवर जे आहे, त्याचं मोल तुमच्याखेरीज आणखी कोण देतंय? वाट पाहून गार झालेलं जेवण कुणाच्या ताटात असतं? कुणी स्वतःचं काही मागे ठेवलं आहे? एक चेहरा समोर येईल. माझ्यासमोर आला तो वडिलांचा, आणि त्यांना सांगायची वेळ निघून गेली होती.

तुमच्या समोर आलेलं माणूस घरात असेल, किंवा फोनच्या पलीकडे असेल, तर आता उठा. दिवा लावा, आणि आजच त्याच्याशी बोला.